हजेरीपत्रकातली रिकामी ओळ

त्या माणसाला सगळ्यांत आधी हेरलं ते सोजरबाईनं. सोजरबाई राज्यशास्त्र विभागाची शिपाई. बावीस वर्षं नोकरी झाली होती, आणि कोण कशाला आलंय हे आपण पायताणावरून सांगतो असा तिचा दावा होता. सकाळी साडेदहाला ती सभागृहाच्या दारातून तडक रेश्मा बिराजदारकडं आली. रेश्मा तेव्हा लॅपटॉप आणि प्रोजेक्टर यांची सोयरीक जुळवण्यात घामाघूम झाली होती.

"म्याडम, मागं येकजन येऊन बसलाय. हजेरीवर सही कर म्हनलं तर करंना झालाय."

"असेल कुणाचा तरी पाहुणा."

"पाव्हना न्हाय. बूट बगा की त्येचे. तांबडे हायत, पोलिसाचे."

रेश्मानं मान वर केली. शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीत एक माणूस ताठ बसला होता. वय पंचेचाळीसच्या आसपास. इस्त्रीचा फिकट शर्ट पँटमध्ये खोचलेला, केस बारीक कापलेले, मिशी कातरलेली. गुडघ्यावर छोटी डायरी. त्यानं भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं आणि डायरीत काहीतरी टिपलं. 

आज तिच्या पीएचडीची खुली मौखिक परीक्षा होती. खुली म्हणजे नियमानं खुली. दहा दिवस आधी नोटीस लागते, 'इच्छुकांनी उपस्थित राहावे' असं तीत छापलेलं असतं, आणि इच्छुक कोण असतात ते सगळ्या विद्यापीठाला ठाऊक असतं: उमेदवाराचे आईबाप, धरून आणलेले ज्युनिअर आणि जेवणाचा सुगावा लागलेली शेजारच्या विभागातली मंडळी. प्रश्नसुद्धा आदल्या दिवशी वाटून दिलेले असतात. नोटीस वाचून, विषयाच्या ओढीनं, एखादा अनोळखी माणूस आपल्या पायांनी येऊन बसलाय, असं या विभागात कधी घडलं नव्हतं. त्यामुळं ते घडलं तेव्हा कुणालाही बरं काही सुचलं नाही.

त्यात विषय असला. दहशतवादाचा अभ्यास करणारे अभ्यासक तो कसा करतात, आणि दहशतवादी म्हणून पकडून पुढं निर्दोष सुटलेल्या सोलापूर भागातल्या सात माणसांना त्याबद्दल काय म्हणायचंय, असा. मंद्रूपहून आलेल्या रेश्माच्या वडलांनी पहिल्या रांगेत बसून फलकावरचं ते लांबलचक शीर्षक तीनदा वाचलं आणि शेवटी बायकोला विचारलं, "ह्यात चांगलं काय हाय, वाईट काय हाय?" आईच्या मांडीवर शेंगापोळ्यांचा डबा होता. तिला त्या डब्याची काळजी जास्त होती.

"पाहिलंस?" कानाशी आवाज आला. प्रा. शिवराज म्हमाणे, रेश्माचे मार्गदर्शक.

म्हमाणे सर म्हणजे चिकित्सक पंथाचे आमच्या जिल्ह्यातले मठाधिपती. दहशतवाद हा शब्द आभाळातून पडत नाही, कुणीतरी तो कुणाला तरी चिकटवतं, तेव्हा चिकटवणारा कोण ते आधी विचारा, हे त्यांचं पेटंट वाक्य. तज्ज्ञ पोलिसांचं वाचून लिहितात, पोलीस तज्ज्ञांचं वाचून बोलतात आणि दोघं मिळून एकमेकांना पुरावा देतात, असं ते भर वर्गात टेबलावर मूठ आपटून सांगत. रेश्मा त्या मुठीवर भाळूनच या विषयाकडं आली होती. आज ती मूठ खिशात होती.

"मागच्या महिन्यात पोलीस ठाण्यातून फोन आला होता ना विभागात? कुठल्या विषयावर काम चाललंय म्हणून? हा तोच. आपल्यासाठीच आलाय."

"सर, पण नोटीस सगळ्यांसाठीच असते."

"तू भोळी आहेस. आणि परीक्षक कोण आलाय बघ. मी तीन नावं दिली होती, त्यांतलं एकही घेतलं नाही. हे सगळं एकातएक आहे."

परीक्षक होते डॉ. वीरभद्रप्पा हत्तुरे. मूळचे दुधनीचे, नोकरी सगळी कर्नाटकात. त्यांचं आणि म्हमाणे सरांचं सात वर्षं एका नियतकालिकातून जुंपलेलं होतं. एकाच्या लेखाला दुसऱ्याचं उत्तर, उत्तराला प्रत्युत्तर. हत्तुऱ्यांचं म्हणणं साधं होतं: बाजारात पिशवी घेऊन उभी असलेली बाई बॉम्बनं मरते, तिला मारणाऱ्याला काय म्हणायचं याचा खल करत बसणाऱ्यांनी आधी तिचं नाव तरी विचारावं. म्हमाण्यांनी त्यावर 'सरकारी चष्मा' या नावाचा लेख लिहिला होता. हत्तुऱ्यांचा खराखुरा चष्मा जाड भिंगांचा होता, आणि ते आत्ता त्यातून रेश्माच्या प्रबंधाकडं पाहत होते. प्रबंधातून पिवळ्या चिठ्ठ्यांची झालर बाहेर आली होती. एवढ्या चिठ्ठ्या कुणी प्रेमानं लावत नाही, असं रेश्माला वाटलं.

तिला खरी धास्ती होती पाचव्या प्रकरणाची. ते अख्खं प्रकरण एकाच माणसाचं होतं. प्रबंधात त्याला 'प्रतिसादक सात' म्हटलं होतं. एका स्फोटाच्या खटल्यात सहा वर्षं आत, तीन वर्षं जामिनावर आणि शेवटी निर्दोष. त्याचं खरं नाव रेश्माला ठाऊक होतं. तो कोण ते कुणाला सांगणार नाही असा शब्द तिनं त्याला दिला होता, तेव्हा आपणही विचारू नये.

तिनं त्याला कधी पाहिलंही नव्हतं. "घरी येऊ नका म्याडम, आमच्या गल्लीत नवं मानूस दिसलं की चार दिवस त्येचीच चर्चा," असं तो म्हणाला होता. म्हणून सगळं बोलणं फोनवर झालं, बारा वेळा. शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या एका कारखान्यात तो कटिंग मास्तर होता. जेवणाच्या सुट्टीत फोन करायचा. कापडाच्या धुळीनं त्याचा घसा धरलेला असे आणि प्रत्येक वाक्याआधी तो बारीक दोनदा खोकायचा. रेकॉर्डिंग कागदावर उतरवताना रेश्मा सुरुवातीला ते खोकणंही लिहायची. पुढं तिला त्याची इतकी सवय झाली, की लिहायचं राहून जायचं.

शेवटच्या फोनवर त्यानं विचारलं होतं, "ह्ये समदं पुस्तकात जानार, व्हय?"

"जाणार. आणि परीक्षेच्या दिवशी मी ते सगळ्यांसमोर वाचूनही दाखवणार. मोठ्यानं."

तो दोनदा खोकला. मग म्हणाला, "कोर्टात नऊ वर्सांत आमाला येकदाबी कुनी पुरतं बोलू दिलं न्हाय. वाचा म्याडम. पन पुरतं वाचा."

"शब्द देते," ती म्हणाली होती. "परीक्षा खुली असते, तुम्हीसुद्धा येऊ शकता." त्यावर तो हसला होता. "आमी कशाला येताव तितं."

अकरा वाजता परीक्षा सुरू झाली. म्हमाणे सरांनी प्रास्ताविक केलं आणि रेश्मा चाट पडली. गेली पाच वर्षं सरकारी यंत्रणेची सालटी काढणारे सर आज म्हणत होते, की सुरक्षा यंत्रणांच्या अडचणीही सहानुभूतीनं समजून घेतल्या पाहिजेत, आणि हा प्रबंध कुणावर ठपका ठेवण्यासाठी नसून केवळ शैक्षणिक आहे. 'केवळ शैक्षणिक' हे शब्द त्यांनी तीनदा वापरले, तिन्ही वेळा शेवटच्या रांगेकडं पाहून. हत्तुरे सरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. इतकी वर्षं आपण भांडलो तो माणूस हाच का, याची त्यांनाही खात्री वाटत नसावी.

मागचा माणूस लिहीत होता.

रेश्मा बोलायला उभी राहिली. पहिली तीन प्रकरणं तिनं ठरल्याप्रमाणं मांडली. बोलता बोलता तिची नजर मागं जाई आणि दरवेळी काही नवं सापडे. तो कुणाशी बोलत नव्हता. त्यानं चहा नाकारला. दारात कुणी आलं की तो आधी दाराकडं पाही, मग डायरीकडं. एकदा त्यानं मोबाईल काढून त्यात पाहिलं आणि उलटा करून मांडीवर ठेवला. रेकॉर्डिंग चालू केलं असणार, तिच्या मनात आलं. माणसाच्या कपड्यांवरून, चालण्यावरून, गप्प बसण्यावरून संशय कसा रचला जातो, यावर तिनं चौथ्या प्रकरणात अडतीस पानं खर्च केली होती. ते प्रकरण मांडत असतानाच तिचा हा उद्योग चालला होता, आणि तिच्या ते ध्यानातही आलं नाही.

एवढ्यात म्हमाणे सरांनी टेबलावरून चिठ्ठी सरकवली. 'प्र. ५ वगळ. रेकॉर्डिंगची चौकशी होईल.'

रेश्माचा हात माउसवर थांबला. पेनड्राइव्ह तिच्या पर्समध्ये होता. बाराही रेकॉर्डिंग त्यातच होती, आणि पहिल्याच रेकॉर्डिंगमध्ये त्यानं स्वतःचं नाव सांगितलं होतं. तो पेनड्राइव्ह त्या तांबड्या बुटांच्या हाती लागला तर? पुन्हा त्या माणसाच्या दारात जीप? नाही, त्याच्यासाठीच हे वगळायला हवं, असं तिनं स्वतःला सांगितलं. खरं सांगायचं तर तेवढंच नव्हतं. पुढच्या महिन्यात तिची एका कॉलेजात मुलाखत होती, आईबाप समोर बसले होते, आणि पाच वर्षांचं घोडं आता गंगेत न्हायचं होतं. भीती एकटी कधी येत नाही, बरोबर चांगली कारणं घेऊन येते. चौदाव्या स्लाइडवरून ती एकविसाव्या स्लाइडवर गेली.

"आता निष्कर्ष," ती म्हणाली.

मागच्या माणसाचं पेन थांबलं.

"एक मिनिट." हत्तुरे सर पुढं झुकले. "पाचवं प्रकरण?"

"वेळेअभावी, सर."

"वेळ आहे. मला दुपारपर्यंत काही काम नाही." त्यांनी प्रबंध उघडला. "मी सरळ विचारतो. सहा जणांची संमतीपत्रं आहेत, सातव्याचं नाही. 'तोंडी संमती' असं लिहिलंय. कुणाची? तुम्ही त्याला पाहिलंय?"

"नाही सर. फोनवर..."

"म्हणजे एक आवाज. त्याच्यावर बासष्ट पानं! म्हमाणे सर मला सात वर्षं सांगतात की पोलिसांच्या कागदावर संशय घ्या. बरोबर आहे, घेतलाच पाहिजे. मग तुमच्या कागदावर का घ्यायचा नाही? हा माणूस आहे कशावरून? तुम्हाला हवं तेच बोलणारा माणूस घरी बसून तयार करणं अवघड आहे का?"

 रेश्माच्या वडलांना प्रश्न कळला नव्हता, पण लेक अडचणीत आली एवढं कळलं आणि ते खुर्चीच्या टोकावर आले. म्हमाणे सर टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीचं लेबल वाचत होते. नियतकालिकात याच मुद्द्यावर त्यांनी अठरा पानं लिहिली होती.

"रेकॉर्डिंग आहे का?" हत्तुऱ्यांनी विचारलं.

हो म्हटलं तर पेनड्राइव्ह काढावा लागणार. नाही म्हटलं तर प्रकरण खोटं ठरणार. रेश्मानं शेवटच्या रांगेकडं पाहिलं. तो माणूस आता तिच्याकडं टक लावून पाहत होता.

"सर," ती म्हणाली, आणि तो आवाज तिचा तिलाच परका वाटला, "पाचवं प्रकरण काढून टाकायला माझी हरकत नाही."

म्हमाणे सरांनी श्वास सोडला. हत्तुऱ्यांचा चेहरा मात्र जिंकल्यासारखा दिसेना. ते नुसते म्हणाले, "इतक्या लवकर?" आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

मग नियमाप्रमाणं श्रोत्यांना प्रश्नांसाठी आवाहन झालं. एका ज्युनिअर मुलीनं वाटून दिलेला प्रश्न पाठ म्हणून दाखवला. रेश्मानं पाठ उत्तर दिलं. टाळ्या पडल्या. म्हमाणे सर "तर मग" म्हणून उठलेच होते, इतक्यात मागची खुर्ची वाजली. तो माणूस उभा राहिला होता.

तो आधी बारीक दोनदा खोकला.

रेश्माच्या हातातला पेला कलंडून पाणी कागदांवर सांडलं. बारा दुपारी फोनवर ऐकलेला तो खोकला. तिनं तो झोपेतही ओळखला असता.

"पाचवं परकरन का सोडलं?" त्यानं विचारलं.

"आपण कोण?" म्हमाणे सर घाईघाईनं म्हणाले. "आधी नाव सांगा. हजेरीपत्रकावर सही केलीत का? सोजरबाई, ते पत्रक द्या त्यांना."

सोजरबाईनं पत्रक आणि पेन त्याच्यापुढं धरलं. त्यानं दोन्हींकडं पाहिलं आणि हात पाठीमागं घेतले. "नोटिशीत 'इच्छुकांनी उपस्थित राहावे' असं लिवलंय. सही लागती असं लिवल्यालं न्हाय."

हत्तुरे सर प्रबंधाची पानं उलटत होते. एका पिवळ्या चिठ्ठीपाशी ते थांबले. त्यांनी त्या माणसाच्या पाठीमागं बांधलेल्या हातांकडं पाहिलं, मग पानाकडं, मग पुन्हा हातांकडं. त्यांनी प्रबंध रेश्माकडं वळवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. पान एकशे बेचाळीस. रेश्मानं स्वतः लिहिलेलं, तीनदा तपासलेलं पान:

'प्रतिसादक सात सुटकेनंतर कोणत्याही कागदावर सही करत नाही. जामिनाच्या काळात दर सोमवारी आणि निर्दोष सुटल्यावरही प्रत्येक सणाआधी त्याला ठाण्यात सही करावी लागली. "हात आमचा, पन सही त्येंची झालीया," असे तो म्हणतो. कोणीही आपल्याकडे दोनदा पाहू नये म्हणून तो सरकारी नोकरासारखा पोशाख करतो. वकिलाने सांगितल्यापासून, आपल्याविषयी जे बोलले जाईल ते तो वेळ घालून लिहून ठेवतो.'

सगळं होतं. बूट सोडले तर सगळं. शरमेनं रेश्माच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. परीक्षकानं, ज्याला आपण वैरी समजलो त्यानं, हे पान लक्षात ठेवलं होतं, आणि आपण ते लिहून विसरलो होतो.

आता नुसतं बोट दाखवायचं होतं. सर, हा बघा माझा सातवा. प्रकरण वाचलं असतं, पदवी वाचली असती, आणि पन्नास माणसांसमोर त्याचा चेहरा कायमचा त्या खटल्याला चिकटला असता. तिनं प्रबंध मिटून ठेवला. तो अजून उभा होता, उत्तरासाठी.

"भीतीनं सोडलं," ती म्हणाली.

"कुनाच्या?"

खोटं बोलायला आता जागाच उरली नव्हती.

"तुमच्या."

त्याच्या भुवया किंचित वर गेल्या, मग खाली आल्या. आपल्या शर्टाकडं, बुटांकडं त्यानं एकदा पाहिलं. शाळेच्या बुटांच्या घाऊक दुकानातून घेतले असावेत, रेश्माला आत्ता दिसलं.

"मंग बरोबर लिवलंय तुमी," तो दोनदा खोकून म्हणाला. "काडू नका."

त्यानं डायरी खिशात घातली, खुर्ची सरळ केली आणि तो निघून गेला. जाताना दार त्यानं आवाज न करता ओढून घेतलं.

म्हमाणे सर सोजरबाईला म्हणाले, "गेटवर फोन कर, गाडीचा नंबर घ्यायला सांग." हत्तुऱ्यांनी हात वर करून तिला थांबवलं.

"गरज नाही. माझा आक्षेप मी मागं घेतो. पाचवं प्रकरण जसंच्या तसं राहील. मुलाखतीच्या खरेपणाविषयी माझं समाधान झालंय."

"कशावरून, सर?" म्हमाण्यांना खरंच कळलं नव्हतं. "संमतीपत्र तर..."

"तुम्ही प्रबंध वाचलाय ना, म्हमाणे सर?" हत्तुरे शांतपणे म्हणाले. मग रेश्माकडं वळले. "तुमच्या सिद्धान्ताशी माझं अजून पटत नाही, लिहूनही तसंच देणार आहे. पण आता ते प्रकरण वाचा. पुरतं वाचा. आम्ही बसतो."

'पुरतं' हा शब्द त्यांनी सहज वापरला असेल. रेश्माला मात्र तो झोंबला. बासष्ट पानांत त्याच्या स्वतःच्या शब्दांतली वीस पानं होती, ती तिनं एकही शब्द न गाळता मोठ्यानं वाचली.  आईनं डबा बाजूला ठेवला आणि पदर तोंडाला लावून ऐकलं. दिलेला शब्द ती पाळत होती, पण तो ज्याला दिला होता त्याची खुर्ची रिकामी होती, आणि हे तिला जन्मभर पुरणार होतं.

एक वाजता पदवीची शिफारस झाली. डॉक्टर बिराजदार, डॉक्टर बिराजदार म्हणत सगळे शेंगापोळ्यांवर तुटून पडले. रेश्मानं व्हरांड्यात जाऊन त्याचा नंबर लावला. पूर्ण वाजला. पुन्हा लावला, तेव्हा बंद होता.

सोजरबाई हजेरीपत्रक घेऊन तिच्या मागोमाग आली. "त्येच्यासाठी सोडल्याली येक वळ रिकामी ऱ्हायली. हापिसात चालत न्हाय रिकामी. काय लिवू?"

"राहू दे तशीच."

"त्यो पोलीसच हुता की न्हाय? म्या म्हनलं न्हवतं?"

"पोलीस नव्हता, सोजरबाई."

"मंग कोन हुता?"

रेश्मानं फोन पर्समध्ये टाकला. सांगण्यासारखं एकच होतं, आणि तेच सांगायचं नाही असा शब्द दिलेला.

"ते सांगता येत नाही," ती म्हणाली.

सोजरबाईनं समजल्यासारखी मान डोलावली. "म्हंजी पोलीसच की," ती म्हणाली, आणि पत्रकाची घडी घालून आत गेली.